गावातील युद्धस्मारक: आराखडा कसा असावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. तिच्यावर दोनच वाक्यांचा इंग्रजी मजकूर आहे. या गावातून ४१ माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यांपैकी ७ जणांनी आपले प्राण दिले, असा त्याचा अर्थ. महायुद्ध संपल्यावर सरकारने अशा पाट्या गावोगाव लावल्या. मजकुराचा साचा एकच, आकडे तेवढे गावागणिक वेगळे. आमच्याच जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंग्याचा ४६ हा आकडा येथे अनेकांना ठाऊक असेल. आमच्या पाटीची अक्षरे शिशाने भरलेली होती, पण त्यातले बरेचसे शिसे आता गळून गेले आहे. त्यात आमच्या पिढीचाही हात आहे, कारण नदीवर गळ टाकताना दोरीला लावायला ते शिसे फार सोयीचे पडत असे. पाटीवर नाव मात्र एकाचेही नाही.

आता ग्रामपंचायतीने नवे स्मारक उभारण्याचे ठरवले आहे. या सात जणांखेरीज दुसऱ्या महायुद्धात गेलेले दोघे आणि १९६५ पासून आजपर्यंत गेलेले पाच, अशा चौदा जणांसाठी ते असेल. शाळा आणि एसटी थांबा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जुना पार आहे आणि जागा म्हणून तीच पक्की झाली आहे. लोकवर्गणीत गावाबरोबरच मुंबईकर मंडळींचाही वाटा आहे. एका ठेकेदाराने फायबरचा बारा फुटी जवान, शेजारी छोटा रणगाडा आणि खाली चकचकीत फरशी असे चित्र आणून दाखवले, तेव्हा ग्रामसभेत टाळ्या पडल्या. दुसरा प्रस्ताव कमानीचा आहे आणि तिसरा काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर नावे कोरण्याचा. आराखड्याच्या समितीत मलाही घेतले आहे, म्हणून रूप, दगड, अक्षरे, नावांचा क्रम आणि कोणाची नावे घ्यावीत या सगळ्यांबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे.

बेळगाव_सेंटर

मी मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये सतरा वर्षे होतो. निवृत्तीनंतर आसपासच्या अनेक गावांच्या स्मारकांच्या उद्घाटनाला गेलो आहे, म्हणून आधी पुतळ्याविषयी लिहितो. फायबरच्या जवानाच्या खांद्यावर बहुतेक वेळा कॅप्टनचे तारे असतात आणि खाली नाव मात्र शिपायाचे किंवा नाईकाचे लिहिलेले असते. बंदूक कोणत्या काळातली आहे हे कोणीच पाहत नाही, आणि शिरस्त्राण तर हिंदी चित्रपटातून उचललेले असते. दोन पावसाळ्यांत रंग उडतो. मग दरवर्षी २५ जानेवारीला कोणीतरी तेलाचा रंग फासतो आणि तिसऱ्या वर्षी जवानाला मिशा येतात. हे थट्टेने लिहीत नाही, मी पाहिलेले आहे. शिवाय पुतळा उभारायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता काम सुरू केल्यामुळे झाकून ठेवावे लागलेले पुतळे आपल्या सर्वांच्या माहितीचे आहेत.

उलटी संगीन रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण हे चिन्ह १९७१ च्या युद्धानंतर इंडिया गेटखाली उभे राहिले आणि २६ जानेवारी १९७२ रोजी त्याचे अनावरण झाले. ते इतके साधे आहे की त्याची नक्कल सर्वत्र होते, आणि फायबरमध्ये ते हमखास खेळण्यासारखे दिसते.

कोणाची नावे घ्यावीत, याबद्दल एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. सैन्याच्या कागदोपत्री लढाईत पडलेला आणि सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने गेलेला यांची नोंद वेगवेगळी होते. पेन्शनच्या दृष्टीने तो फरक मोठा आहे. गावाने तो दगडावर आणू नये, असे माझे मत आहे. बर्फाच्या चौकीवर फुफ्फुसात पाणी होऊन गेलेल्या पोराच्या आईला तुम्ही काय सांगणार? 'शहीद' हा शब्द सैन्याच्या नियमांत कोठेही नाही आणि तो वापरू नये असे सैन्यानेच कळवलेले आहे. 'हुतात्मा' लिहावे, किंवा काहीच न लिहिता नाव, पलटण, ठिकाण आणि तारीख द्यावी. मला दुसरा पर्याय अधिक बरा वाटतो.

वीरगळशोध

कृष्णाकाठ, आपल्या गावात मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, आहेत का? सातारा जिल्ह्यात ते नसणे कठीण. युद्धस्मारकाचा नमुना शोधायला ठेकेदाराच्या चित्राकडे पाहायची गरजच नाही, कारण तो आपल्या दारात आठशे-नऊशे वर्षे उभा आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो, आणि गुरे राखताना मेला असेल तर शेजारी गुरेही कोरलेली असतात. त्याच्या वर लढाई असते, तिच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. घटना, मरण आणि त्यानंतरचे सगळे एका उभ्या दगडात बसवण्याची ही रीत कोणत्याही रणगाड्यापेक्षा जास्त बोलते.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. कर्नाटकातील कितीतरी वीरगळांवर लेख सापडतात, पण आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके आहेत. वीर कोण होता हे कळत नाही आणि गावकरी त्याला 'पांडव' म्हणून शेंदूर लावतात. आपल्या पाटीवर आकडा आहे आणि नाव नाही, तसेच हे. तेव्हा रूप वीरगळाचे घ्या, पण मुकेपणा घेऊ नका.

सरळ_प्रश्न

थोडे कडू लिहितो. पहिल्या महायुद्धातले सात जण ब्रिटिश साम्राज्यासाठी लढायला गेले होते आणि तेही पगारासाठी. १९६५ नंतर देशासाठी गेलेल्यांच्या रांगेत त्यांना बसवणे योग्य आहे का? आणि गावाच्या वाचनालयाला छप्पर नसताना हा खर्च करणे कितपत शहाणपणाचे आहे, हाही प्रश्न आहेच.

कृष्णाकाठ

वाचनालयाचा मुद्दा मान्य आहे आणि समितीत तो मीच मांडला होता. परंतु वर्गणी ज्या कामासाठी मागितली त्याच कामाला लागते, नाही तर पुढच्या वेळी कोणी दारात उभे करीत नाही.

पहिल्या मुद्द्याबद्दल माझी भूमिका वेगळी आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आजच्या इराकमधील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ते लोक उपासमारीत अडकले आणि शरणागतीनंतर कैद्यांचे जे हाल झाले त्यात कित्येक वाळवंटात वाटेवरच मेले. हे युद्ध कोणाचे होते हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही. आणखी एक गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. याच सरकारच्या आधीच्या पिढीने कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईतील साध्या शिपायांची नावे कोरली होती. शेवटी 'नाक' असलेली ती महार शिपायांची नावे आजही तेथे वाचता येतात. शंभर वर्षांनी तेच सरकार आमच्या गावाला एक आकडा देऊन मोकळे झाले. बसऱ्याच्या स्मारकावरही गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अंमलदारांची नावे आहेत, मात्र हिंदी शिपायांचा पलटणवार आकडाच लिहिलेला आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात ही विषमता कबूल केली. निदान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसे नावानिशी स्मरली गेलीच नाहीत, असे त्या अहवालात आहे. त्या मोठ्या आकड्यात आमचे सात जण असतील तर ते काम गावानेच पुरे करायला हवे.

डर्बीकर

मी इंग्लंडमध्ये गेली बावीस वर्षे राहतो. येथे प्रत्येक खेड्यात चर्चजवळ किंवा चौकात दगडी क्रूस असतो आणि त्याच्या चौथऱ्यावर नावे असतात. एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खेड्यातील स्मारकांवर नावे बहुधा आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेली असतात आणि पुष्कळ ठिकाणी हुद्दा लिहिलेला नसतो, त्यामुळे जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या घोड्यांची निगा राखणारा पोरगा एकाखाली एक येतात. आणखी एक गोष्ट अशी की ही स्मारके उभारणाऱ्यांना पुन्हा युद्ध होईल असे वाटले नव्हते. म्हणून १९३९ ते १९४५ ची नावे खालच्या पायरीवर, कडेला किंवा निराळ्या अक्षरांत दाटीवाटीने घातलेली दिसतात. आपल्याकडे आधीच जागा सोडून ठेवावी, असे मी सुचवीन.

आणि एक उदाहरण, जे मराठी माणसाने आवर्जून पाहावे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने या लहानशा डोंगरी गावाने त्यांच्या नावाने स्मारक केले आणि त्यासाठी रूप निवडले ते सूर्यघटिकेचे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याला जोडलेले आहे. बंदूक नाही, पुतळा नाही. त्या लढाईत त्या गावाची घरेही पडली असतील, तरी परक्या मुलखातून आलेल्या एका नाईकासाठी त्यांनी असे काही उभारले की ज्याच्याकडे गावकरी रोज वेळ पाहायला वळेल.

देखभालीबद्दल एकच सांगतो. येथील वॉर मेमोरियल्स ट्रस्ट जुन्या दगडाला शक्यतो हात लावू नका असेच सांगते. जोराच्या पाण्याने किंवा आम्लाने धुतलेल्या दगडाचे अक्षर जे बोथट होते ते परत येत नाही. चावडीतील पाटी घासू नका, अशी विनंती आहे.

टाकीचे_घाव

आमच्या घरात चार पिढ्यांपासून दगडाचे काम आहे. आता मी यंत्रावरही काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहू शकतो.

पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट वाचायला उत्तम असतो, कारण पृष्ठभाग काळा राहतो आणि कोरलेले अक्षर आतून करडे दिसते. मात्र यंत्राने कोरताना रबराचे छापील पान चिकटवून वाळूचा मारा करतात. त्यातून येणारे अक्षर उथळ असते आणि मग ते सोनेरी रंगाने भरावे लागते. तो रंग तीन-चार वर्षांत जातो. दुपारच्या उन्हात अशी भिंत आरसा होते आणि नावाऐवजी एसटीची वाट पाहणारी माणसेच तिच्यात दिसतात. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाची भिंत मुद्दाम तशी केली आहे, नाव वाचणाऱ्याने त्यात स्वतःचा चेहरा पाहावा म्हणून. तो दगड आपल्या बंगळूरकडचाच आहे, हेही सांगून ठेवतो. पण तेथे जाणारा माणूस भिंतीसाठी जातो, तुमच्या थांब्यावरचा माणूस गाडीसाठी थांबतो.

आपला काळा दगड, म्हणजे सह्याद्रीचा बेसॉल्ट, यंत्राला कठीण जातो पण हाताने उत्तम होतो. भोकाभोकांचा दगड घेऊ नका, भरीव घ्या. टाकी मारल्यावर घंटेसारखा आवाज आला पाहिजे. पूर्ण दगड गुळगुळीत करण्याची गरज नाही. नावापुरती पट्टी माठून घ्यायची आणि बाकी अंग खडबडीत ठेवायचे. अक्षर दोन्ही बाजूंनी तिरके कापत खोलात एका रेषेवर आणले की ते सावली धरते आणि त्याला रंग लागत नाही.

नागरीची खरी परीक्षा शिरोरेषेत असते. लांब आडवी रेघ सलग कापत गेलो तर वरची कड कपची होऊन उडते, म्हणून प्रत्येक शब्दाची रेघ मी दोन्ही टोकांकडून मध्याकडे कापतो. 'र्ज', 'ष्ण', 'क्ष' यांतल्या लहान पोकळ्या लहान आकारात टिकत नाहीत. अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत निदान सव्वा इंच ठेवा आणि वेलांटी-उकाराची जागा त्याशिवाय धरा. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणारा चाचपडतो. पाट्यांच्या धंद्यात दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच असा ढोबळ हिशेब आहे, पण तो इंग्रजीचा आहे.

तोंड कोणत्या दिशेला आहे, हे कोणी लिहिलेच नाही. उत्तरेकडे तोंड केले तर हिवाळ्याचे सहा महिने त्याला ऊन लागत नाही आणि तुमचा २६ जानेवारीचा कार्यक्रम नेमका त्यातच येतो. पश्चिमेचे तोंड पावसाचा मारा खाते आणि शेवाळते. पूर्वेला तोंड ठेवा. सकाळी नऊनंतर ऊन वरून तिरके उतरते, तेव्हा प्रत्येक शिरोरेषेखाली काजळाची रेघ ओढल्यासारखी दिसते. आम्ही गिऱ्हाइकाला दगड दाखवायला त्याच वेळी बोलावतो.

सागरवाट

कोकणातून एक आठवण करून देते. गेलेली ४१ माणसे सगळी शिपाईच होती असे गृहीत धरू नये. महायुद्धात खेचरे हाकणारे, डोल्या वाहणारे, स्वयंपाकी, भिस्ती असे हजारो लोक गेले आणि सरकारच्या लेखी ते बिनलढाऊ होते. आमच्या बाजूचे तर बोटीवरचे खलाशी आणि आगवाले. मुंबईत मस्जिद बंदराला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे आहेत, पण ती पाहायला आमच्या गावातून कोणी गेल्याचे मला माहीत नाही. नावे शोधताना पलटणींच्याच याद्या चाळत बसलात तर अशी माणसे निसटतील.

आणखी एक, जे येथे सर्वांनी गुळमुळीत सोडले आहे. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडण्यात आली. कृष्णाकाठ यांच्या सात जणांत त्या वस्तीतले कोणी असतील तर स्मारक देवळाच्या आवारात न जाता पाराजवळ होते आहे, हे फार चांगले झाले. आराखड्याच्या समितीत त्या वस्तीतले कोणी आहे का, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

कृष्णाकाठ

सागरवाटताई, नव्हते. आपला प्रतिसाद वाचून मी दोन घरी जाऊन आलो आणि आता समितीत दोघे आहेत. त्यातून जे निघाले ते पुढे लिहितो, आधी ग्रामसभेत काय झाले ते सांगतो.

डर्बीकर यांची पुढच्या नावांसाठी जागा सोडण्याची सूचना मी ग्रामसभेत वाचून दाखवली. नकाशात ग्रॅनाइटच्या भिंतीचा उजवा तिसरा हिस्सा कोरा दाखवला होता. मागच्या बाजूला बसलेल्या एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा सध्या सरहद्दीवर आहे. त्या म्हणाल्या, "तेवढी जागा कोणासाठी ठेवली ते सांगा, म्हणजे आम्ही आजपासून बघत बसू." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या गावातील एकोणीस पोरे आज नोकरीत आहेत आणि प्रत्येकाच्या घरचे कोणी ना कोणी त्या सभेत होते. भिंतीचा प्रस्ताव तेथेच संपला. आता जागा सोडली नाही तर इंग्लंडसारखी दाटीवाटी होणार, आणि सोडली तर ती रोज दिसणार. यातून मार्ग काय?

वीरगळशोध

मार्ग वीरगळांच्या रांगेतच आहे. एका माणसाला एक दगड. देवळाबाहेरच्या वीरगळांकडे पाहून आणखी किती यायचे आहेत, असे कोणाच्या मनात येत नाही, कारण तेथे रिकामी चौकट नसते. गरज पडलीच तर आणखी एक दगड उभा राहतो, आणि न पडली तर काही उणे दिसत नाही.

बेळगाव_सेंटर

सहमत आहे. फक्त रांग लावू नका. रांग लावली की पहिला कोण हा वाद आला आणि परमवीर, महावीर, हुद्दा, भावकी हे सगळे त्यामागोमाग आले. दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, त्यात चार वर्तुळे आहेत आणि नावे त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर आहेत. एका विटेला एक माणूस. तेथे माझ्या तुकडीतल्या एकाची वीट मला सापडायला अर्धा तास लागला, पण सापडल्यावर तिच्यावर तो एकटाच होता. आपला पार गोलच आहे, तेव्हा दगड त्याभोवती मांडावेत.

टाकीचे_घाव

गोल मांडणीत सगळ्या दगडांची तोंडे पूर्वेला येणार नाहीत, हे आधीच सांगतो. तोंडे बाहेरच्या बाजूला ठेवली तर काही दगड उत्तरेला पाहतील. त्या दगडांची अक्षरे मी दीडपट खोल कापीन. पाराच्या कट्ट्यापासून दगड निदान तीन फूट लांब ठेवा, नाही तर झाडाची मुळे त्यांना दहा वर्षांत कलंडून टाकतील. उंची कमरेएवढी असावी. त्याहून उंच दगडावर लोक प्रचाराचे कागद चिकटवतात आणि त्याहून बुटक्यावर बसतात.

लिपीवेडा

नावे इंग्रजी नोंदींतून घेणार असाल तर एक धोका आहे. इंग्रजी अक्षरांत ळ नाही आणि ण-न चा भेद नाही. नोंदीत 'बाला' दिसते तो आपला बाळा असतो, 'गोपाल' हा गोपाळ असतो आणि 'गनू' हा गणू. पलटणीतल्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. ते पुन्हा तसेच नागरीत उतरवले तर शंभर वर्षांनी माणसाला दगडावर परक्या उच्चाराचे नाव मिळेल. घरच्यांना विचारा. घरचे कोणी नसतील तर गावाची जुनी दाखलपुस्तके आणि जमिनीचे उतारे पाहा, कारण तेथे नाव मोडीत किंवा बाळबोधीत असते आणि ळ तर हमखास असतो.

आडनाव आधी की नाव आधी, या प्रश्नावर माझे मत असे की आपण माणसाला ज्या क्रमाने हाक मारतो त्याच क्रमाने लिहावे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. शाळेच्या हजेरीपटाचा क्रम दगडावर नको.

कृष्णाकाठ

धागा वर काढतो आहे, कारण काम आता दगडापर्यंत आले आहे.

सात जणांपैकी चौघांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर सापडली. नुसते नाव टाकून काही उपयोग झाला नाही. गावाचे नाव सहा प्रकारच्या स्पेलिंगांत टाकून पाहिले, तेव्हा अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, जिल्हा सातारा, अशा नोंदी आल्या. तिघे बसऱ्याच्या आकड्यातले निघाले.

पाचवे नाव सापडले ते सागरवाटताईंमुळे. ज्या दोन घरी मी गेलो होतो त्यांतल्या एका घरात देव्हाऱ्याच्या मागे, भिंतीला टेकवून, काशासारखी एक गोल जड तबकडी होती. तळहाताहून थोडी मोठी, बारा सेंटिमीटर. तिच्यावर सिंह आणि हातांत त्रिशूळ व पानांचे कडे धरलेली बाई. घरच्या आजी तिला देवीच म्हणतात आणि दर शुक्रवारी हळदकुंकू लावतात, त्यामुळे सिंहाची आयाळ पिवळी झाली आहे. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी अशी कांस्याची तबकडी पाठवली जात असे. कडेला चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव असते आणि हुद्दा मुद्दाम गाळलेला असतो. हळदीचे किटण मी ओल्या फडक्याने पुसले, तेवढेच. त्याखाली नाव होते. बारा वर्षे चावडीत जाऊन जी पाटी मी वाचत होतो, तिच्यातला एक जण तीनशे पावलांवर देव्हाऱ्यात होता. आजींच्या सासऱ्यांचे ते चुलते. त्यांना घरात बाळा म्हणत, आणि तबकडीवर 'बाला' आहे. लिपीवेडा यांचे आभार, दगडावर 'बाळा'च येईल.

दोघांची नावे मिळालेली नाहीत. पाटी खोटे बोलत नसेल तर ते आहेत, म्हणून त्यांचेही दगड होणार. त्यांवर काय लिहायचे यावर समितीत तीन बैठका झाल्या. इंग्रजांच्या समाधीदगडांवर असते तसे 'केवळ देवास ठाऊक' लिहावे असे एकाने सुचवले. 'अज्ञात सैनिक' हे गुरुजींनी सुचवले, पण तो गावाला अज्ञात नव्हता, फक्त आपल्याला आहे, यावर ते अडले. शेवटी 'या गावचा' एवढेच दोन शब्द घ्यायचे ठरले. खाली १९१४–१९१९.

चावडीतली पाटी जागची हलवायची नाही आणि घासायचीही नाही. ठेकेदाराचा जवान रद्द झाला असून त्याने रणगाडा तरी घ्या म्हणून दोनदा फोन केला. परवा टाकीचे_घाव यांनी पाठवलेला नमुन्याचा दगड आला, त्यावर त्यांनी 'या गावचा' हेच शब्द कोरले आहेत. दगड सध्या पारावर पूर्वेला तोंड करून ठेवला आहे. सव्वानऊला सावली धरली. उत्तरेकडच्या दगडांचा नमुना मात्र तेवढा पाहायचा राहिला आहे, आणि 'गावचा' मधला काना शिरोरेषेपासून केसभर सुटल्यासारखा मला वाटतो, तो मुद्दाम ठेवला आहे का, हे टाकीचे_घाव यांनी कळवावे.

टाकीचे_घाव

मुद्दाम ठेवला आहे. तेथे जोडला असता तर कड उडाली असती. उत्तरेचा नमुना पुढच्या आठवड्यात पाठवतो, तो सकाळी न पाहता भर दुपारी पाहा.